बंद घरांचा कढीपत्ता

त्या वर्षी आम्ही उचल घेतली नाही, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला कळलं की आमच्या गावातही हिवाळा असतो.

हसू नका. आमच्या गल्लीतली जवळजवळ सगळी घरं ऊसतोडीची. मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देऊन जायचा, दसरा झाला की त्याचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी, आणि भांडीकुंडी, कोंबड्या, गोधड्या सगळं त्यात टाकून आम्ही पश्चिमेकडे कारखान्याच्या फडावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. आमच्याकडे जोडप्याला कोयताच म्हणतात. चैत्रापर्यंत गावात उरायची ती म्हातारी माणसं आणि दारांवरची कुलपं. त्यामुळे पौषातलं ऊन सकाळी माझ्या घरात कुठल्या भिंतीवर येतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते चुलीमागच्या भिंतीवर येतं. कळलं तेव्हा मी नवऱ्याला हाताला धरून आत नेलं आणि ऊन दाखवलं.

“येडी झालीस का?” तो म्हणाला.

झालेच होते. पहाटे फडात जायचं नव्हतं, तरी मी पहाटे उठायचे आणि कुणी हाक मारत नाही याच्यावरच हसत बसायचे. दर संकष्टीला लिंबागणेशला जाऊन आले; नवस वगैरे काही नव्हता, जाता येत होतं म्हणून गेले. एकदा कपिलधारला जाऊन आले, तर धबधब्याच्या जागी नुसता खडक. मी त्या खडकावर बसून पोटभर भाकरी खाल्ली आणि खूश होऊन परत आले. अख्खा जिल्हा पाण्यासाठी टाचा घासत होता आणि मी घरी राहायला मिळालं म्हणून तरंगत होते. शोभत नव्हतं, पण होतं ते असं होतं.

हे सगळं मोसंबीच्या जिवावर. गल्लीच्या मागे लागूनच आमचं रान, तिथे नवऱ्याने मोसंबी लावली होती. आम्ही लोकांचा ऊस तोडायचो आणि आमची झाडं सासरे सांभाळायचे. त्या वर्षी झाडं पहिला बहार धरण्याजोगी झाली. नवरा म्हणाला, यंदा घरी थांबू, बहार साधला तर कोयता कायमचा सुटला. नाही साधला तर पुढच्या दसऱ्याला निमूट ट्रकमध्ये चढू. माझा निमूटपणाशी फारसा संबंध नाही, म्हणून मला बहार साधायलाच हवा होता.

दुष्काळात एकट्याचं काही चालत नाही, म्हणून गावातल्या मोसंबीवाल्यांनी सहकारी सोसायटी काढली होती. शेततळं सोसायटीचं, टँकर सोसायटीचा, फवारणीचे पंप सोसायटीचे. पाणी पाळीने मिळायचं, बैठका मात्र पाळीशिवाय कधीही व्हायच्या. मोसंबीचा बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडून झाड उपाशी ठेवायचं आणि मग एकदम पाजायचं. पाण्याच्या मुलखात ताण देणं अवघड जात असेल. आमच्याकडे त्या वर्षी माणसं, म्हशी, पुढारी सगळेच ताणावर होते, झाडांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मग शेततळ्याचं पाणी सुटलं आणि बाग फुटली. कशी फुटली म्हणून सांगू! काल काटक्या होत्या, त्यांना पोपटी, लुसलुशीत नवती आली आणि नवतीत कळ्या. मी कपाटातली लग्नातली पिवळीजर्द साडी काढली, ती नेसून बागेत गेले आणि प्रत्येक झाडाशी उभी राहिले. वेड्यासारखी बडबडत होते. परत आले तर नवरा माझ्या पदराकडे टक लावून बघतोय. मला वाटलं, दिसत असेन बरी. तो म्हणाला, “तुज्या अंगावर कायतरी हाय.”

पदरावर तपकिरी, तिळापेक्षाही बारीक किडे बसले होते आणि प्रत्येकाचं बूड वर होतं. डोकं खाली, बूड आभाळाकडे, असे तिरके.

कृषी सहायक आले, त्यांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, हा सायला. नुसता रस पिऊन गेला असता तर सोडलं असतं, पण हा एका झाडाचा रोग दुसऱ्याला देतो. रोग लागला की पानं ठिपक्याठिपक्यांनी पिवळी पडतात, फळ कलतं, बुडाशी हिरवंच राहतं, कडू होतं. रोगाला औषध नाही, झाड उपटायचं. औषध आहे ते सायल्याला, आणि तेही सगळ्यांनी एकाच दिवशी मारलं तर, नाहीतर तो या बागेतून उठून त्या बागेत पाहुणा म्हणून जातो. तो कोवळ्या नवतीवरच अंडी घालतो आणि पिवळ्या रंगाला भुलतो. हे शेवटचं सांगताना ते माझ्या साडीकडे बघत होते.

सोसायटीची बैठक झाली. दोन ठराव झाले. एक, सगळ्यांनी एकाच सकाळी फवारायचं. दुसरा, नंतर ज्याच्या बागेत सायला टिकेल, त्याची पाण्याची पाळी बंद, कारण एकाच्या ढिलाईने सगळ्यांच्या बागा जायच्या. मी मागे बायकांत बसले होते, तिथून ओरडले, “बराबर हाय!” दोन्ही ठरावांना सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

फवारणीचा दिवस म्हणजे जत्राच. पंप फटफटत होते, तोंडाला फडकी बांधलेली माणसं एकमेकांना ओळखू येत नव्हती, त्यामुळे कोण कुणाला शिव्या देतंय याचा हिशेब लागत नव्हता. बायकांनी तेलाचे रिकामे डबे पिवळे रंगवले, त्यांना ग्रीस फासलं आणि झाडांमध्ये काठ्यांवर उपडे घातले. सायला पिवळ्यावर भुलून येणार आणि चिकटून बसणार. रंग डब्यांना कमी, आम्हाला जास्त लागला. संध्याकाळी गावातल्या निम्म्या बायका हळदीला बसल्यासारख्या दिसत होत्या.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे डबे रिकामे. आमचे भरलेले.

सगळे नाहीत. गल्लीच्या बाजूचे तेवढे. पण त्या डब्यांवर बोट ठेवायला जागा नव्हती. नवऱ्याने पुन्हा फवारलं, पुन्हा भरले. माझं डोकं फिरलं. मी सरळ शेजारच्या बागेच्या मालकाच्या दारात गेले आणि म्हणाले, तुमी औषधाच्या नावाखाली नुसतं पाणी मारलं. तो म्हणाला, पाणी असतं तर मारलं असतं की! मग आम्ही दोघं भांडत भांडत सोसायटीच्या ओट्यावर गेलो. चेअरमननी दोघांचं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, “वैनी, ह्याची बाग साफ हाय. सगळ्यांच्या साफ हाईत. मंग तुमच्याच बागंत कावून?”

“ते तुमीच सांगा! सोसायटी तुमची हाय.”

“सोसायटीनं ठराव केलाय. तुमीच वरडून मंजूर केलाय.” ते वाईट माणूस नव्हते, खालच्या आवाजात म्हणाले, “पुढची पाळी येस्तोवर बघा. तवाबी डबे भरले तर मला पाणी तोडावं लागंल.”

कळ्यांची फुलं झाली होती. त्या वेळी पाणी तुटणं म्हणजे सगळं जमिनीवर, आणि दसऱ्याला ट्रक. घरी येताना पहिल्यांदा माझे पाय जमिनीला लागले. भीती वाटली. फडावरची थंडी आठवली, पाचटाची खोप आठवली, आणि भर रस्त्यात मला रडू आलं.

कृषी सहायकांना पुन्हा बोलावलं. ते बागेत फिरले, गल्लीच्या बाजूला येऊन थांबले आणि विचारलं, “इकडं कुणाकडं कढीपत्ता आहे का? हा किडा त्यावरही पोसतो.”

मी हसलेच. कढीपत्ता कुणाकडे नसतो? आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर एक होता. पाहिला, तर शेंड्याशेंड्यावर सगळे बूड वर करून बसलेले. मी तिथल्या तिथे कोयत्याने तो बुडापासून छाटला, शेंडे जाळले, आणि सुटले म्हणून दारात फुगडीसाठी कुणी मिळतंय का बघू लागले. पण झाड गेलं आणि डबे भरायचे थांबेनात. बाकी गल्ली तर बंद. कुलूपबंद घरांच्या मागचे कढीपत्ते या दुष्काळात कशाला हिरवे असतील?

इथे माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. मी त्यांना मामा म्हणायचे. ते कमी बोलायचे, इतके कमी की आम्ही घरी थांबल्यापासून ‘हां’ आणि ‘आसंल’ एवढंच ऐकलं होतं. दर सकाळी ते मोठ्या घमेल्यात उभे राहून आंघोळ करायचे. दुष्काळात पाणी साठवतात, त्यात नवल नव्हतं. पण ते पाणी पुन्हा घरात दिसायचं नाही. एके सकाळी मी त्यांच्या मागून गेले.

बादली घेऊन ते पहिल्या बंद घराच्या मागे गेले. तिथे कढीपत्ता होता, डेरेदार. ओंजळीने पाणी घालत ते म्हणाले, “काय म्हन्ता, फडात थंडी लई हाय का?” पुढच्या घरामागेही कढीपत्ता. “तुजं गुडघं कसं हायती गं? मोळी डोक्यावर जास्ती घिऊ नकू.” त्यापुढच्या घराला म्हणाले, “म्या काल नारायनगडाला गेलतो. तुमच्या नावानं बी हात जोडले.” कुलपांशी, भिंतींशी, झाडांशी बोलत माझे मुके मामा गल्लीभर गेले. मी कोपऱ्यावर उभी राहून तोंडात पदर कोंबून हसत होते. मग मी झाडं नीट पाहिली. घरोघरी कोवळी, तेलकट, हिरवी पालवी, आणि त्या पालवीवर सायल्याची अंगणवाडी भरलेली.

“मामा!” मी ओरडले. बादली सांडली.

सायल्याचं सगळं त्यांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, पण मान हलवली. “न्हाई तोडायचं. सांगून गेल्यात गल्लीतल्या बाया, ‘मामा, झाडाकडं बघा.’”

हे मलाही माहीत होतं. मीही दरवर्षी तेच सांगून जायचे. आमच्या गल्लीतल्या बायका फडावर जाताना दुसरं काही सोपवत नाहीत. कुलूप कुलपाचं काम करतं, शेळ्या पाहुण्यांकडे जातात. कढीपत्ता तेवढा म्हाताऱ्यांच्या ओटीत घालतात, कारण परत आल्यावर पहिली फोडणी आपल्या झाडाची द्यायची असते. ती दिली की घर उघडलं. फक्त पाणी कुठून येतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

“मंग त्यास्नीच इचारू,” नवरा म्हणाला.

रेंज घराच्या छतावर, माळवदावर यायची. आम्ही तिघं माळवदावर चढलो आणि नवऱ्याने मोबाइलचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. पहिला फोन ज्याला लागला तो मोळी डोक्यावर घेऊनच बोलत होता. “तोड बे, तोड! आमी हितं दिसभर तोडतोय, तू एक झाड तोडाया इचारतोस?” दुसरी म्हणाली, “बुडातनं फुटतोय की त्यो, घाल घाव, पर मला वाळलेला पाला ठिव.” एकीला वाटलं मामा गेले म्हणून आम्ही फोन केलाय. तिने तिकडे रडायला सुरुवात केली, तिचं ऐकून तिची सासू रडू लागली, आणि इकडे मामा फोनच्या दिशेने ओरडू लागले, “आगं म्या जित्ता हाय!” मी माळवदावर हसून लोळायचीच बाकी होते. खालून एका म्हातारीने विचारलं, कुणाचं लगीन ठरलं?

शेवटचं घर कोपऱ्यावरचं, माझ्या मैत्रिणीचं. फडात ती आणि मी शेजारीशेजारी मोळ्या बांधायचो. तिला सगळं सांगितलं.

“सगळ्यांची तोडनार?” तिने विचारलं.

“सगळ्यांची.”

“मंग गल्लीत हिरवं काय ऱ्हाईल?”

मी माळवदावरून खाली गल्लीकडे पाहिलं. तीच पुढे म्हणाली, “तुजा कोयता सुटंल का पर त्यानं?”

“सुटंल, बये. सुटला पायजे.”

“मंग तोड. पर घाव मामास्नी घालू दे. त्यांनीच जगवलंय त्ये.”

दुसऱ्या दिवशी मामांनी कोयता हातात घेतला. प्रत्येक झाडापुढे उभं राहून आधी त्या घरच्या बाईचं ‘हो’ झाडाला सांगितलं आणि मग छाटलं. वासाने गल्ली भरून गेली. आम्ही शेंडे जाळले, फांद्या निंबोळीच्या पाण्यात बुडवल्या, धुतल्या, आणि पाला माळवदांवर वाळत घातला. त्या महिन्यात आम्ही कढीपत्त्याची चटणी खाल्ली, कढीपत्त्याचं पिठलं खाल्लं, कढीपत्त्याची भाकरी खाल्ली. नवरा म्हणाला, आता मलाच सायला चिकटंल. उरलेला वाळका पाला गठुड्यात बांधून फडाकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवर धाडला. दोन दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला, खोपीत फोडणी दिली म्हणून, आणि तिने ती चर्रकन वाजलेली फोनवरून ऐकवली.

डबे रिकामे झाले. पाळीच्या दिवशी चेअरमन स्वतः आले, एकेक डबा फिरवून पाहिला आणि पाणी सोडायला सांगितलं. कडेची काही झाडं रोगाने धरली होती, ती आम्ही उपटली. उपटताना वाईट वाटलं. पण बाकीच्यांना बोरांएवढी फळं धरली होती, आणि मी पिवळी साडी नेसले नाही एवढंच, नाचले मात्र.

पण मामांचं बिनसलं. सकाळी घमेल्यात उभं राहून आंघोळ करायचे, बादली भरायचे आणि ती घेऊन दारातच उभे राहायचे. जायला घर नव्हतं. माझ्याच्याने बघवेना. मी त्यांना बागेत न्यायला लागले, म्हटलं, डबे तुमी तपासायचे, माजे डोळे चुकत्यात. ते डबे तपासायचे आणि मी शेजारी उभी राहून बोलायचे. बोलायचे म्हणजे थांबायचेच नाही. आधी ‘हां’ यायचं. मग ‘आसंल’. एकदा मी शेजारच्या बागवाल्याची नक्कल केली तेव्हा ते हसले, आणि मग त्यांनी त्या बागवाल्याच्या बापाची नक्कल केली. अशी हुबेहूब की नवरा फवारणी टाकून बघायला आला. हे सासरे माझ्या घरात होते आणि मला माहीत नव्हते! त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी गावभरच्या गोष्टी गोळा करून आणायचे. चैत्रात गल्ली परत आली तेव्हा खुंटांना लालसर कोंब फुटले होते आणि मामा दारोदार जाऊन, या खेपेला उघड्या दारांशी, कोंब कोवळे असेपर्यंत खुडत राहायला बजावत होते.

मग पावसाळा आला, नावाला. आभाळ भरायचं आणि पुढे निघून जायचं. शेततळ्याचा तळ दिसू लागला. फळं लिंबाएवढी होऊन थांबली, रोज थोडी गळत होती, आणि अशात मुकादम उचल द्यायला गल्लीत आला. आमच्या ओसरीवर बसला. मी चहा ठेवला.

“बाग झाली, चांगली गोष्ट हाय,” मुकादम म्हणाला. “पर पाऊस न्हाई. फळं गळाली तर दसऱ्याला कुनाकडं जासाल? उचल घिऊन ठिवा. झाडं बघाया म्हातारबा हाईतच की. इतकी वर्सं बघितलीच की त्यांनी.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मलाही मुकादमाचं म्हणणं पटायला लागलं होतं. भीती वाटली की माणसाला सगळं पटतं. मी चहा गाळत राहिले. मामा कोपऱ्यात खांबाला टेकून बसले होते. मुकादम त्यांच्याकडे वळला.

“म्हातारबा, तुमीच सांगा ह्यास्नी. बघताल न्हवं तुमी?”

“झाडं बघीन की,” मामा म्हणाले. मग म्हणाले, “पर ह्ये दोगं गेल्यावर म्या बोलू कुनासंगं?”

इतक्या वर्षांत ट्रक सुटताना त्यांनी कधी हे विचारलं नव्हतं. नवऱ्याने बापाकडे पाहिलं. माझ्या हातातला कप मी मुकादमासमोर ठेवला, अर्धा बशीत सांडला होता.

“चा घ्या, मुकादम,” नवरा म्हणाला. “कोयता न्हाई यायचा आमचा.”